दुःखाचा दाखला न देणारा आवाज

अमेरिकी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचे १५ जून १९९६ रोजी बेव्हर्ली हिल्स येथील राहत्या घरी निधन झाले, आणि त्यानंतर काही दिवसांतच न्यू यॉर्कच्या एका मोठ्या दैनिकात तिच्या कुमारवयातल्या अशा एका कालखंडाची हकीकत छापून आली, जिच्याविषयी तिने जवळजवळ साठ वर्षांच्या कारकिर्दीत जाहीरपणे चकार शब्द काढला नव्हता. आई गेल्यावर शाळा सुटलेली, न्यू यॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत आकड्यांच्या जुगाराच्या चिठ्ठ्या पोचवणारी, कुंटणखान्याच्या दारात उभी राहून पोलीस येताहेत का यावर नजर ठेवणारी ही मुलगी पकडली गेली आणि आधी अनाथाश्रमात व नंतर हडसन या गावी सरकारने चालवलेल्या मुलींच्या सुधारगृहात तिची रवानगी झाली. तिथे काळ्या मुलींना वेगळ्या, पडझड झालेल्या इमारतींत दाटीवाटीने ठेवत असत आणि मारहाण ही रोजचीच बाब होती. संस्थेचे स्वतःचे गायकवृंद होते, पण ते गोऱ्या मुलींचे. पुढे ज्या आवाजाला विसाव्या शतकातील सर्वांत निर्मळ आवाजांपैकी एक म्हणून जग ओळखणार होते, त्या आवाजाला तिथे जागा नव्हती. तिथून ती निसटली आणि हार्लेमच्या रस्त्यांवर, मिळेल तिथे झोपत, मिळेल ते खात राहू लागली.

हे सारे वाचण्याच्या कितीतरी आधीपासून मी एलाला ऐकत होतो. वाचून झाल्यावर साहजिकच तिच्या जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हा लावल्या आणि त्या काळोखी वर्षांची एखादी तरी खूण आवाजात सापडते का, हे कान देऊन पाहिले. ती सापडली नाही. तोच गोल, स्वच्छ, मुलीसारखा लागणारा सूर, तोच शब्दांचा लख्ख उच्चार आणि ठेक्यावर झुलत जाणारी तीच लय. गाणे तेच होते, पण त्याच्याकडे पाहण्याचा माझा प्रश्न मात्र बदलला.

आपल्याकडच्या रसिकाला गायकाच्या गळ्यात त्याचे आयुष्य शोधण्याची फार जुनी खोड आहे. अमुक एकाने खूप सोसले म्हणून त्याचा कोमल ऋषभ असा लागतो, हे विधान मैफलीच्या मध्यंतरात चहाच्या कपाबरोबर इतके सहज केले जाते की त्याला पुरावा लागतो असे कोणाच्या मनातही येत नाही. जॅझच्या जगात ही खोड आणखी खोलवर रुजलेली आहे, आणि तिला खतपाणी घालायला बिली हॉलिडे ही गायिका आहे. बिली एलाहून दोन वर्षांनी मोठी, बालपण तितकेच होरपळलेले आणि तिचे पुढचे आयुष्यही व्यसन, तुरुंग, मारझोड करणारे पुरुष यांतच गेले. १९५९ साली न्यू यॉर्कच्या रुग्णालयात ती वारली तेव्हासुद्धा खाटेवरच तिला अटक झालेली होती. बिलीच्या आवाजाचा आवाका जेमतेम एका सप्तकाहून थोडा जास्त, पण त्यात ती शब्दाला जो पीळ देते तो ऐकताना तिचे चरित्र आपोआप आठवते. मग तुलना सुरू होते. बिली म्हणजे वेदना आणि एला म्हणजे तंत्र. बिली म्हणजे जगलेले गाणे आणि एला म्हणजे आनंदी, तरबेज, पण जरा वरवरचे गाणे. कित्येक समीक्षकांनी हे कमी-अधिक शब्दांत लिहून ठेवले आहे. एला दुःखाचे गाणे म्हणते तेव्हा तिला त्या शब्दांचा अर्थ कळत तरी असेल का, अशी शंकाही जाणत्यांनी घेतलेली आहे. ज्या मुलीने आईविना, छपराविना हार्लेमचा हिवाळा काढला तिच्याविषयी ही शंका घेतली जावी, हे मला आजही चीड आणणारे वाटते.

तिचा जन्म २५ एप्रिल १९१७ चा, व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज या बंदराच्या गावातला. आईवडील लवकरच वेगळे झाले आणि आई तिला घेऊन न्यू यॉर्कला लागून असलेल्या यॉन्कर्स येथे राहायला गेली. लहानपणी तिला नर्तकी व्हायचे होते. २१ नोव्हेंबर १९३४ च्या रात्री हार्लेमच्या अपोलो थिएटरातील हौशी कलावंतांच्या स्पर्धेत ती उतरली तीसुद्धा नाचण्यासाठीच. पण तिच्या आधी एडवर्ड्‌स भगिनी नावाच्या दोघी इतके झकास नाचून गेल्या की त्यांच्यामागून पाय हलवायची तिची छाती झाली नाही. अपोलोचा प्रेक्षक भलताच निर्दय म्हणून प्रसिद्ध होता, न आवडलेल्याला हुर्यो उडवून रंगमंचावरून घालवून देणारा. अंगावर जुनेर आणि पायात पुरुषी बूट घातलेली ही सतरा वर्षांची मुलगी ऐनवेळी गायला उभी राहिली, तिला आवडणाऱ्या कॉनी बॉसवेल या गोऱ्या गायिकेच्या ढंगात दोन गाणी म्हणाली आणि पंचवीस डॉलरचे पहिले बक्षीस घेऊन गेली. विजेत्याला याच थिएटरात आठवडाभर गायची संधी मिळायची, ती मात्र तिला दिली गेली नाही, कारण तिचा अवतार.

हा अवतार पुढेही आडवा आला. ढोलवादक चिक वेब हा तेव्हा हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूमचा अनभिषिक्त राजा होता. लहानपणी मणक्याला क्षय झाल्याने पाठीला कुबड आलेला, उंचीने खुजा, पण ड्रम्सच्या मागे बसला की मोठमोठ्या वाद्यवृंदांना घाम फोडणारा हा माणूस एलाला पाहून आधी नाराजच झाला. बँडची गायिका देखणी असावी, असा त्या धंद्याचा दंडक होता. अखेर येल विद्यापीठातील एका नृत्याच्या कार्यक्रमात तिला गाऊन पाहू द्यावे, पोरांना आवडली तर ठेवू, असे ठरले. पोरांना ती आवडली. १९३५ पासून ती वेबच्या वाद्यवृंदात गाऊ लागली आणि मे १९३८ मध्ये, एकवीस वर्षांची असताना, तिने एका जुन्या बालगीताला नवे शब्द आणि नवी चाल जोडून ध्वनिमुद्रित केले. हरवलेल्या पिवळ्या टोपलीचे ते गाणे अमेरिकाभर गाजले आणि त्याच्या दहा लाखांच्या घरात प्रती खपल्या. वर्षभराने, जून १९३९ मध्ये, वेब आजारपणातच गेला. वाद्यवृंद तिच्या नावाने पुढे चालू राहिला, आणि काल-परवापर्यंत रस्त्यावर झोपणाऱ्या मुलीच्या नावाची पाटी आता डझनभर पुरुष वादकांच्या डोक्यावर लागली.

तिच्या गाण्याचा खरा कस मात्र चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लागला. नाचायच्या संगीताचा जमाना ओसरत होता आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर ही मंडळी बीबॉप नावाची नवी, वेगवान, गुंतागुंतीची भाषा बोलू लागली होती. जुन्या पिढीतल्या बहुतेक गायकांनी या वादळापुढे दारे लावून घेतली. एला मात्र १९४६ मध्ये गिलेस्पीच्या वाद्यवृंदाबरोबर गावोगाव हिंडली आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन जे करतात ते गळ्याने करून पाहू लागली. अर्थहीन अक्षरांवर आयत्या वेळी रचलेले हे गाणे म्हणजे स्कॅट. आपल्या कानाला ते तराण्याच्या जवळचे वाटते, पण तराण्याचे बोल ठरलेले असतात, स्कॅटमध्ये अक्षरसुद्धा त्या क्षणी निवडायचे असते. सुरुवात ‘ब’ने करायची की ‘द’ने, शेवट ‘प’वर बंद करायचा की ‘ऊ’वर मोकळा सोडायचा, यावर तो सूर ट्रम्पेटसारखा वाटेल की ट्रॉम्बोनसारखा, हे ठरते. एलाच्या स्कॅटमध्ये कितीही वेग असला तरी एकही अक्षर चुरगळलेले नसते, आणि मूळ गाण्याच्या स्वरसंवादांची चौकट ती क्षणभरही सोडत नाही. तानांचा पाऊस पाडून श्रोत्याला दिपवणारे गायक मला फारसे भावत नाहीत. एलाच्या बाबतीत मी अपवाद करतो, कारण तिच्या ताना प्रश्नोत्तरांसारख्या चालतात. एक वाक्य ती टाकते, तेच उलटून पाहते, मध्येच तिसऱ्याच गाण्याचा एखादा तुकडा खोडकरपणे घुसवते आणि बरोबर जागेवर परत येते.

या काळात तिला नॉर्मन ग्रँट्‌झ हा व्यवस्थापक भेटला आणि तिच्या आयुष्याला शिस्त आली. ग्रँट्‌झ हट्टी, तिखट आणि वंशभेदाच्या बाबतीत कसलीही तडजोड न करणारा होता. त्याच्या कार्यक्रमांत गोरे आणि काळे प्रेक्षक वेगवेगळे बसवायचे नाहीत अशी अटच असे, नाहीतर कार्यक्रम रद्द. ७ ऑक्टोबर १९५५ रोजी टेक्ससमधील ह्यूस्टनला त्याने याच अटीवर कार्यक्रम लावला. दोन खेळांच्या मधल्या वेळात साध्या वेशातले पोलीस एलाच्या खोलीत घुसले. कोपऱ्यात गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक इलिनॉय जॅकेट फासे टाकत बसले होते आणि एला खात-पीत होती. जुगाराच्या आरोपाखाली सगळ्यांनाच ठाण्यावर नेण्यात आले. झगझगीत पोशाखातल्या एलाला ठाण्यात बसवून घेतलेले असतानाच तिथल्या पोलिसांनी तिच्यापुढे स्वाक्षरीसाठी कागद धरला, असे तिने पुढे सांगितले आहे. त्या रात्रीचा दुसरा खेळ तिने नेहमीसारखाच गायला. इथेही श्रोत्यांना काही कळले नसणार.

मेरिलिन मन्‍रो आणि हॉलिवूडचा मोकॅम्बो क्लब ही गोष्ट मात्र समाजमाध्यमांवर फिरत-फिरत फारच गुळगुळीत झाली आहे. काळी म्हणून एलाला तो क्लब दारात उभे करीत नव्हता आणि मेरिलिनने त्यांना नमवले, असे ती सांगितली जाते. प्रत्यक्षात अर्था किटसारखे काळे कलावंत त्याआधी तिथे गाऊन गेलेले होते. मालकाला एलाच्या देखणेपणाविषयी, म्हणजे गिऱ्हाईक ओढण्याच्या ताकदीविषयी शंका असावी, असे मानायला जागा आहे. मेरिलिनने मालकाला फोन करून तिला बोलवायला लावले आणि त्या बदल्यात रोज पुढच्या टेबलावर येऊन बसायचे कबूल केले, ही हकीकत खुद्द एलानेच सांगितलेली आहे आणि त्या उपकाराची जाणीव तिने शेवटपर्यंत ठेवली. म्हणजे अपोलोचा अवतार, वेबची नाराजी आणि मोकॅम्बो हे सगळे एकाच माळेतले मणी. रंगाचा अपमान तर होताच. त्याच्या जोडीला स्थूल, साध्या चेहऱ्याच्या बाईचा अपमानही तिने आयुष्यभर गिळला, आणि त्याची दखल चरित्रकारही ओझरतीच घेतात.

ग्रँट्‌झने १९५६ मध्ये ‘व्हर्व्ह’ ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली ती मुख्यतः एलासाठी. तिच्या पहिल्याच मोठ्या प्रकल्पात कोल पोर्टरची बत्तीस गाणी होती. मग पुढच्या आठ वर्षांत रॉजर्स आणि हार्ट, ड्यूक एलिंग्टन, अर्व्हिंग बर्लिन, गर्श्विन बंधू, हॅरल्ड आर्लेन, जेरोम कर्न, जॉनी मर्सर अशी एकेका रचनाकाराच्या गाण्यांची रांग लागली. एकट्या गर्श्विनसंचातच त्रेपन्न गाणी आहेत. ही गाणी मुळात ब्रॉडवेच्या नाटकांसाठी आणि चित्रपटांसाठी लिहिलेली, हंगाम संपला की विसरली जाणारी. आपल्याकडे नाट्यपदे नाटकातून सुटून मैफलीत आली आणि अभिजात म्हणून टिकली, तशीच ही गाणी एलाच्या या संचांमुळे त्यांच्या नाटकांहून जास्त जगली. इथे तिने अंगचे कसब मुद्दाम आवरून धरले आहे. जी बाई ट्रम्पेटला मागे टाकील अशा ताना घेते, ती इथे चाल लिहिली आहे तशी गाते, प्रत्येक यमक पोचवते, आणि स्वतः बाजूला राहते. आपले गाणे एवढे चांगले आहे हे एलाने गायल्यावरच कळले, असे आयरा गर्श्विन म्हणत असे. १९५९ च्या मे महिन्यात पहिलेवहिले ग्रॅमी पुरस्कार दिले गेले तेव्हा या संचांसाठी तिला दोन मिळाले, आणि ग्रॅमी मिळवणारी ती पहिली काळी स्त्री ठरली. खरे सांगायचे तर या संचांतला काही भाग मला आज जड जातो. व्हायोलिनांचा साखरपाक जिथे दाट होतो तिथे आवाज त्यात अडकून पडतो. एलिंग्टनचा संच त्याला अपवाद, कारण तिथे साथीला खुद्द एलिंग्टनची माणसे आहेत आणि ती कोणाचीच भीड ठेवत नाहीत.

आता बर्लिन. १३ फेब्रुवारी १९६० रोजी पश्चिम बर्लिनच्या डॉइच्लांडहाले या अवाढव्य सभागृहात हजारो श्रोत्यांपुढे ती चार साथीदारांसह गात होती. कार्यक्रमाच्या शेवटाकडे तिने, हे गाणे बाईने गायलेले आपण कधी ऐकलेले नाही आणि शब्द आठवतील अशी आशा आहे, अशी प्रस्तावना करून मॅक नावाच्या सुरीबाज गुंडाचे गाणे धरले. ते मूळ बर्लिनचेच, बेर्टोल्ट ब्रेख्ट आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ सालच्या संगीतिकेतले. याच संगीतिकेवरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला आणि जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अकॅडमीने तो १९७८ मध्ये रंगभूमीवर आणला, त्यामुळे या मॅकशी मराठी प्रेक्षकाची जुनी ओळख आहे. नाझींनी वाइलचे संगीत बंद पाडले होते आणि त्याला देश सोडावा लागला होता. ज्यू संगीतकाराचे हे गाणे एक काळी अमेरिकी गायिका नाझींनीच बांधलेल्या त्या सभागृहात, इंग्रजी शब्दांत, पुन्हा बर्लिनकरांना ऐकवत होती.

गाण्याची रचना साधी आहे. सोळा मात्रा-खंडांचे एक कडवे, तेच पुन्हा-पुन्हा, आणि दर वेळी पट्टी अर्ध्या सुराने वर चढते. सुरुवातीची कडवी एलाने व्यवस्थित म्हटली. मग शब्द संपले. ढोल, बास, पियानो आणि गिटार काही थांबणार नव्हते. पुढचे कडवे कोणते ते मला ठाऊक नाही, असेच तिने त्याच चालीत, त्याच वजनात, यमक जुळवत गायले. पुढे, हे गाजलेले गाणे आहे म्हणून आम्ही करून पाहिले, बॉबी डॅरिनने म्हटले, लुई आर्मस्ट्राँगने म्हटले आणि आता एला आणि तिचे सोबती त्याचे मातेरे करताहेत, असेही गाऊन झाले. त्यात आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची हुबेहूब नक्कलही आली. पट्टी चढतच होती. एकदाही लय डळमळत नाही, एकही सूर चोरून लागत नाही. श्रोते बेभान झालेले मुद्रणात ऐकू येतात. त्यानंतरच्या गाण्यात ती सातेक मिनिटे स्कॅटचा धबधबा कोसळवते आणि अखेरीस एका प्रसिद्ध गाण्याची ओळ वाकवून, डोळ्यांत घाम जातोय, असे सुरात सांगून टाकते. या ध्वनिमुद्रिकेलाही पुढे दोन ग्रॅमी मिळाले.

एला वरवरची होती असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी याच मुद्रणाकडे बोट दाखवून विचारतो की हा आनंद त्यांना सोपा का वाटतो. रस्त्यावर राहिलेल्या माणसाला ऐनवेळी हातातले सगळे निसटणे म्हणजे काय हे चांगले ठाऊक असते. शब्द निसटले तेव्हा ती घाबरली नाही, थांबली नाही, क्षमा मागत बसली नाही. आहे त्या चौकटीत जे हाताशी होते त्यातून तिने गाणे उभे केले. तिच्या आयुष्याचा ठसा आवाजाच्या दुखऱ्या रंगात शोधणारे कान चुकीच्या ठिकाणी लागलेले आहेत, असे माझे मत आहे. तो ठसा या तत्परतेत आहे, आणि तिथे तो बिलीच्या कोणत्याही विरहगीताइतकाच खोल उमटला आहे. वंशभेदाविषयी ती कधीच बोलली नाही, हाही तिच्यावरचा एक आरोप. १९६३ मध्ये न्यू यॉर्कच्या एका रेडिओ मुलाखतीत ती मोकळेपणाने आणि दुखावलेल्या स्वरात त्याविषयी बोलली होती. ती मुलाखत तेव्हा प्रसारितच झाली नाही.

उतारवयात मधुमेहाने तिची दृष्टी अधू केली, १९८६ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाली, १९९३ मध्ये दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. आवाज त्याआधीच खरखरीत झाला होता, तरी नव्वदीच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत ती गात राहिली. ती शेवटची मुद्रणे मी फारशी ऐकत नाही.

त्यापेक्षा बर्लिननंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल १९६० मध्ये केलेली एक ध्वनिमुद्रिका शोधून ऐकावी असे सुचवीन. ती त्या वर्षीच्या एका चित्रपटाच्या निमित्ताने निघाली. एलाने त्यात अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या गायिकेची भूमिका केली होती, म्हणजे बिलीचे आयुष्य तिने पडद्यावर नटून दाखवले म्हणायला हरकत नाही. ध्वनिमुद्रिकेत फक्त तिचा आवाज आणि बर्लिनला साथ करणाऱ्याच पॉल स्मिथचा पियानो आहे. ढोल नाही, स्कॅट नाही, व्हायोलिने नाहीत. रात्री उशिरा, बार रिकामा होत आल्यावर म्हणावीत अशी तेरा संथ गाणी. त्यात उतरत्या वयाच्या प्रेमाविषयी, सप्टेंबर महिन्याविषयी एक गाणे आहे, त्याची चालही योगायोगाने कुर्ट वाइलचीच. इथे ती एकही शब्द विसरत नाही आणि एकाही शब्दावर हुंदका चढवत नाही. दुःखी गाणे कळत नाही असा जिच्यावर आक्षेप होता, ती ते किती सरळ म्हणते हे ऐकायचे असेल तर सुरुवात इथून करावी, आणि मग बर्लिनकडे वळावे.